म्युनिकमध्ये गाडी न घेता संसार होतो का? (ऑफिस गार्शिंगला, मुलगी चार वर्षांची)

शिरीषफुले

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं पुण्याहून म्युनिकला येतोय. नवऱ्याचं ऑफिस गार्शिंगला, मी सुरुवातीला घरीच, मुलगी चार वर्षांची. दोन घरं पाहिली आहेत, अर्थात व्हिडिओवर. एक फ्राइमानला, यु-बानच्या (शहरातल्या मेट्रोच्या) स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, दोन खोल्या, भाडं छातीत धडकी भरवणारं. दुसरं एर्डिंगच्या पलीकडे एका खेड्यात, तीन खोल्या, मागे अंगण, भाडं बरंच कमी. घर दाखवणारे गृहस्थ म्हणाले, "गाडी घ्या, अर्ध्या तासात गार्शिंग." नवऱ्याचा जीव त्या अंगणात अडकलाय.

माझं मत उलट आहे. हिंजवडीच्या रांगेत रोज बसून आमची संध्याकाळ संपायची. तिथे जाऊन पहिल्याच वर्षी गाडीचं लोढणं गळ्यात बांधून घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय. पण नुसतं ठरवून भागत नाही. किराणा, बालवाडी, डॉक्टर, रविवारची भटकंती आणि दिवाळीनंतर येणारे सासू-सासरे, हे सगळं गाडीशिवाय निभतं का? तिथे राहणाऱ्यांनी सांगावं.

कट्टेकरी

निभतं. फ्राइमान घ्या.

इसारकाठ

शिरीषफुले, घर ठरवण्याआधी म्युनिकचा रेल्वे नकाशा नीट बघा. गाडी लागणार की नाही हे शहरापेक्षा घराच्या जागेवर ठरतं.

एस-बानच्या (उपनगरी रेल्वेच्या) जवळपास सगळ्या गाड्या, S1, S2 वगैरे, शहराच्या पोटातल्या एकाच बोगद्यातून जातात: हाउप्टबानहोफ (मुख्य स्टेशन), श्टाखुस, मारिएनप्लाट्झ, पुढे ऑस्टबानहोफ. हा बोगदा १९७२ च्या ऑलिंपिकआधी तयार झाला. तेव्हा उपनगरातून मध्यात येणं हीच मुख्य गरज होती, त्यामुळे रचना अशी की प्रत्येक उपनगर मध्याशी जोडलेलं, पण दोन उपनगरं एकमेकांशी थेट फारशी जोडलेली नाहीत. एर्डिंग आणि गार्शिंग दोन्ही शहराच्या उत्तर-ईशान्येला. गाडीने सरळ आडवं जाता येतं. रेल्वेने मात्र S2 धरून मारिएनप्लाट्झपर्यंत आत यायचं, जिने उतरून यु-बानची U6 पकडायची आणि पुन्हा उत्तरेला बाहेर पडायचं. एर्डिंग स्टेशनपासून धरलं तरी सव्वा तास, आणि तुमचं खेडं एर्डिंगच्याही पुढे. म्हणजे तिथे राहिलात तर नवऱ्याला गाडी लागणारच.

फ्राइमान U6 वरच आहे. फ्राइमान, कीफर्नगार्टन, फ्रॉट्टमानिंग, गार्शिंग-होखब्रुक, गार्शिंग आणि शेवटी गार्शिंग-फोर्शुंग्सत्सेंट्रुम. गाडी बदलायची नाही, वीस मिनिटांच्या आत पोहोचणार. त्यात सकाळी बहुतेक लोक उलट्या दिशेने, शहराकडे जात असतात, त्यामुळे बसायला जागा मिळते. श्टुडेंटनश्टाटपासून गार्शिंग-होखब्रुकपर्यंत यु-बान जमिनीवरून धावते, हिवाळ्यात थोडा उजेड अंगावर येतो. ही गोष्ट नोव्हेंबरात कळेल.

रानजाई

+१. आम्ही नॉर्डफ्रीडहोफला, त्याच U6 वर. दोन मुलं, गाडी नाही.

डोंगरगाव

थोडी दुसरी बाजू मांडतो. मी एबर्सबेर्गच्या बाजूला खेड्यात राहतो आणि गाडीशिवाय आमचं पान हलत नाही. शाळेच्या दिवसांत बस ठीक असते, पण संध्याकाळी आणि रविवारी तिचे हाल. मुलाचा पोहण्याचा क्लास शेजारच्या गावात. क्लास संपतो तेव्हा बस नसते. मुलाला रात्री ताप आला की बसचा विचार करत बसवत नाही.

शहरात राहणारे लोक "गाडी कशाला हवी" असं सहज म्हणतात. त्यांच्या घराखालून ट्राम जाते म्हणून म्हणतात. अंगण, शांतता, मुलाला मोकळं खेळायला जागा, यांचीही किंमत आहे. आम्ही ती गाडी घेऊन मोजतो आणि आम्हाला ती पटलेली आहे. वहिनी, तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

इसारकाठ

डोंगरगाव, मान्य. मीही तेच म्हणतोय, खेड्यात गाडी लागतेच. पण नवीन आलेल्या माणसाला ती पहिल्या दिवसापासून मिळत नाही, हा मुद्दा सुटतोय. लायसन्स.

वैनगंगा

लायसन्सचं मी सांगतो, कारण आत्ताच त्यातून बाहेर पडलोय.

भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते, भाषांतर सोबत ठेवून. त्यानंतर ते चालत नाही. जर्मन लायसन्स काढायचं तर लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात. आपल्याकडे आधीच लायसन्स असल्यामुळे ठरावीक तासांचं सक्तीचं प्रशिक्षण नसतं, पण ड्रायव्हिंग स्कूलशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि तिथले गुरुजी तयारी झाली म्हणेपर्यंत तास घेतच राहतात. डोळे तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, अर्ज, फी. खर्च हजारांत जातो. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, रस्त्यावरच्या परीक्षेत सूचना जर्मनमध्ये.

सगळ्यात अवघड काय जातं सांगू? पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नागपुरात जो आधी घुसला तो गेला. इथे ताशी तीस किलोमीटर मर्यादेच्या गल्लीत प्रत्येक चौकात मान उजवीकडे वळली पाहिजे, परीक्षक तुमची मानच बघत असतो. ही सवय लागायला वेळ जातो भाऊ.

सांगायचा मुद्दा हा की "गाडी घ्या, अर्ध्या तासात गार्शिंग" म्हणणाऱ्याने ही बाजू सांगितलेली नाही. पहिलं वर्ष नोकरी, जर्मन क्लास, बालवाडी आणि त्यात ही परीक्षा. सगळं एकदम अंगावर घेऊ नका.

शिरीषफुले

वैनगंगा, सहा महिन्यांचं आम्हाला माहीतच नव्हतं. नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं. तो गप्प आहे.

तिकिटांचं कुणीतरी सांगा ना. झोन, पट्ट्यांचं तिकीट, दिवसाचं तिकीट, वाचून डोकं गरगरतंय.

रानजाई

झोनच्या नादी लागूच नकोस. तुम्ही दोघं सरळ डॉइचलांड टिकेट घ्या. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. अख्ख्या देशात बस, ट्राम, यु-बान, एस-बान आणि प्रादेशिक रेल्वे त्यावर चालते. वेगवान आयसीई आणि आयसी गाड्यांत चालत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे लेकीचं अजून दोन वर्षं फुकट. नवऱ्याच्या ऑफिसात विचारा, बऱ्याच कंपन्या यातला काही भाग स्वतः भरतात.

एकच लक्षात ठेव. हे दर महिन्याचं वर्गणीचं तिकीट आहे. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवायचं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात.

कट्टेकरी

सुटं तिकीट घेतलंत तर फलाटावर जाण्याआधी छोट्या यंत्रात घालून शिक्का मारायचा. स्टेशनला फाटक नाही, कुणी अडवत नाही, त्यामुळे नवीन माणूस सरळ गाडीत बसतो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. शिक्का नसेल तर ६० युरो. नावाचं मासिक तिकीट घरी विसरलं असेल तर नंतर दाखवून थोड्या रकमेत सुटका होते.

गिरगावकर_आजोबा

मी इथला रहिवासी नाही. मुलीकडे म्युनिकला दोन-तीन उन्हाळे काढले आहेत, तेवढ्या बळावर लिहितो. सासू-सासऱ्यांचं विचारलं आहे म्हणून.

मुलगी-जावई दिवसभर कामावर. त्यांच्याकडे गाडी असती तर आम्ही दोघं शनिवारची वाट बघत घरात बसलो असतो. गाडी नव्हती म्हणून आम्ही रोज बाहेर पडलो. जावयाने एका कागदावर मराठीत लिहून दिलं होतं: कुठल्या स्टेशनवर चढायचं, कुठल्या दिशेची गाडी, किती स्टेशनांनंतर उतरायचं. पुढे कागदही लागला नाही. सौ.चे गुडघे दुखतात, पण प्रत्येक स्टेशनला लिफ्ट सापडली. बसवाला थांब्यावर बस थोडी खाली झुकवतो, पायरी राहत नाही. १९ नंबरच्या ट्राममध्ये खिडकीशी बसून आम्ही शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते फिरायचो. राजवाड्याची भिंत, नदी, झाडं, सगळं बसल्या जागी.

परक्या देशात म्हातारपणी कुणावर अवलंबून न राहता दुपारी बाहेर पडता येणं हे फार मोठं सुख आहे. तुमच्या सासू-सासऱ्यांना ते मिळू द्या. खेड्यात अंगण असेल, पण ते दोघं अंगणातच राहतील.

शिरीषफुले

आजोबा, हे वाचून सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ट्राम असेल तिथेच घर घ्या."

रानजाई

आजोबा, फार छान लिहिलंत. शिरीषफुले, पाहुण्यांसाठी समूहाचं दिवसाचं तिकीट असतं, पाच मोठ्या माणसांपर्यंत एकच. अधूनमधून बाहेर पडणार असतील तर ते पुरतं. महिनाभर रोज फिरणार असतील तर त्यांचंही डॉइचलांड टिकेट काढ आणि वेळेत बंद कर.

दादर_फास्ट

मुंबईकरांसाठी खास सूचना. एस-बान कधी आखूड येते, कधी लांब. एक जोड, दोन जोड किंवा तीन जोड. फलाटावरच्या पाटीवर आधीच लिहिलेलं असतं. पाटीवर "कुर्झत्सुग" (आखूड गाडी) दिसलं की फलाटाच्या टोकाला उभे राहिलेले सगळे मध्याकडे धावत सुटतात. पंधरा डब्यांच्या फलाटावर बारा डब्यांची गाडी आली की आपण धावतो ना, अगदी तसंच. मला त्या क्षणी घरी असल्यासारखं वाटतं.

आणि विमानतळावर जाताना S1 धरली तर मागच्या अर्ध्या गाडीत बसा. नॉयफार्न स्टेशनला गाडी तुटते. मागचे डबे विमानतळाला, पुढचे फ्राइसिंगला. S8 मध्ये ही भानगड नाही.

डोंगरगाव

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून त्या बोगद्याचंही बोलू. जवळपास सगळ्या मार्गिका एकाच बोगद्यातून जातात म्हणजे आत एक सिग्नल बिघडला की पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सगळं अडतं. कामासाठी शनिवार-रविवारी बोगदा बंद ठेवतात, मग बदली बसेस. दुसरा बोगदा २०१७ पासून खणतायत आणि तो २०३० च्या दशकाच्या मध्याआधी सुरू होईल असं कुणी म्हणत नाही. संपही होतात. गाडीवाला माणूस निदान घरी तरी पोहोचतो.

इसारकाठ

म्हणूनच म्हणतो की एकाच एस-बानवर सगळा भार टाकेल असं घर घेऊ नये. फ्राइमानहून यु-बान बंद पडली तर बस आहे, सायकल आहे. इसार नदीच्या काठाने गार्शिंगपर्यंत सायकलचा रस्ता जातो, बहुतेक झाडीतून. उन्हाळ्यात माझे बरेच सहकारी तसेच येतात. एका मार्गाला दोन पर्याय असले की माणूस निवांत झोपतो.

सेमेरिंग

व्हिएन्नाहून लिहिते. इथे शहराने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवलाय. शहराच्या पूर्वेला जुन्या विमानतळाच्या जागेवर झेश्टाट नावाची नवीन वसाहत उभी राहिली. U2 तिथे ऑक्टोबर २०१३ मध्ये पोहोचली, आणि पहिली कुटुंबं राहायला आली २०१४ मध्ये. आधी रेल्वे, मग माणसं. त्यामुळे तिथे आलेल्या माणसाला कार घ्यायची सवयच लागली नाही. आपल्याकडे आधी टॉवर उभे राहतात, मग वीस वर्षं मेट्रोचे खांब बघत बसायचं. मला हे पाहून मनापासून वाईट वाटतं, कारण इथे जमलंय ते आपल्याला जमणार नाही असं काही त्यात नाही. फक्त क्रम बदलायचा आहे.

वर्षाचा पास २०१२ मध्ये ४४९ वरून ३६५ युरोवर आणला, म्हणजे दिवसाला एक युरो. २०२६ पासून तो वाढवलाय, त्यावर बरीच कुरकुर झाली. त्याच वेळी रस्त्यावर गाडी लावणं मार्च २०२२ पासून जवळपास सगळ्या शहरात पैसे मोजून. पास स्वस्त आणि पार्किंग महाग, या दोन्ही गोष्टी जोडीने केल्या म्हणून परिणाम दिसला.

लिमाट

झुरिकची गंमत अजून वेगळी. इथल्या लोकांनी १९६२ मध्ये ट्राम जमिनीखाली नेण्याला मतपेटीतून नकार दिला, १९७३ मध्ये भुयारी रेल्वेलाही नकार दिला. त्यामागचं एक कारण: ट्राम खाली गेली की वरचा रस्ता मोटारींना मोकळा मिळणार. मग ट्राम रस्त्यावरच ठेवून सिग्नल तिच्या सोयीने लावले. एस-बान मात्र मंजूर केली, ती १९९० मध्ये सुरू झाली. माझ्या घराखालची ट्राम चौकात पोहोचते तेव्हा सिग्नल हिरवा झालेला असतो, मोटारी थांबलेल्या. असं शहर मतदानाने तयार होतं, हे मला अजूनही नवल वाटतं.

दादर_फास्ट

लिमाट, बेस्टच्या ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या. आजोबांनी पाहिल्या असतील.

गिरगावकर_आजोबा

पाहिल्या आणि बसलोही. दादर टीटीपर्यंत वडिलांबरोबर. त्याच्यावर वेगळा धागा काढा, इथे मुलीचा प्रश्न राहून जाईल.

रानजाई

बरोबर. मूळ प्रश्नावर येते, किराणा आणि लेक.

रोजचं सामान चालत जाण्याच्या अंतरावरच मिळतं, त्यासाठी वाहन लागतच नाही. डाळी, पोहे, कणीक, कढीपत्ता यासाठी हाउप्टबानहोफच्या दक्षिणेला गोथेस्ट्रासच्या आसपास जायचं. दोन चाकांची कापडी ट्रॉली घे, इथल्या सगळ्या आज्या ओढत असतात ती. दहा किलोचं कणकेचं पोतं खाली, वर डाळी, अगदी वर कढीपत्ता आणि कोथिंबीर. लिफ्टने खाली, यु-बानमध्ये पाय लावून ट्रॉली अडवायची, लिफ्टने वर.

मुलीचं म्हणशील तर तिला बसमध्ये लहान मुलांची वेगळी सीट लागत नाही. मोटारीत मात्र बारा वर्षांची किंवा दीड मीटर उंच होईपर्यंत तिची वेगळी खुर्ची सक्तीची, मैत्रिणीच्या गाडीत बसायचं झालं तरी. माझी धाकटी बसमधून उतरताना लाल बटण कोण दाबणार यावरून रोज भांडते. तिला थांब्यांची नावं ओळीने पाठ आहेत. पहिलीत गेली की इथली मुलं शाळेत स्वतः चालत जातात, शाळा भागाप्रमाणेच मिळते. मोठा आता एकटा ट्रामने फुटबॉलला जातो. मला त्याला सोडायला-आणायला जावं लागत नाही. पुण्यात माझी बहीण दर संध्याकाळी हेच करते, क्लासच्या बाहेर गाडी लावायला जागा शोधत. मुलांना एकट्याने कुठेही जाता येणं, ही गाडी नसण्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे.

डोंगरगाव, तुमच्या तापाच्या मुद्द्याला उत्तर: टॅक्सी. क्वचित लागते, तेवढे पैसे द्यायचे.

डोंगरगाव

शहरात टॅक्सी दहा मिनिटांत येते, आमच्याकडे नाही. पण तुमचं मुलांचं म्हणणं पटलं. माझा मुलगा मोठा झालाय तरी अजून त्याचा ड्रायव्हर मीच आहे, हे खरं.

फुलपाखरू_के

रविवारी कुठे जाता गाडीशिवाय? डोंगरात तर जाता येत नसेल.

दादर_फास्ट

येतं की. डॉइचलांड टिकेटवरच गार्मिश, टेगर्नसे, फ्युसेन, आणि सीमा ओलांडून साल्झबुर्ग आणि कुफ्श्टाइनपर्यंत. जवळ म्हटलं तर S6 ने श्टार्नबेर्ग, S8 ने हेर्शिंग, दोन्हीकडे स्टेशनपासून चालत तलाव. डोंगर चढून एका बाजूला उतरायचं आणि दुसऱ्याच स्टेशनवरून परत यायचं, हे गाडी नसलेल्यालाच जमतं. गाडीवाल्याला पार्किंगपाशी परत यावंच लागतं.

फक्त रविवारी सकाळी चांगलं ऊन पडलं की टेगर्नसेच्या गाडीत उभं राहायची तयारी ठेवा. अर्धं म्युनिक काठ्या आणि बूट घेऊन निघालेलं असतं.

वैनगंगा

आणि वर्षातून चार वेळा गाडी खरंच लागते: कपाट आणायचं, दूरच्या दरीत राहायला जायचं. त्यासाठी तासावर गाडी मिळते. श्टाटआउटो ही संस्था म्युनिकमध्ये १९९२ पासून हेच करते. लायसन्स मात्र आधी हवं, ते हळूहळू काढा.

शिरीषफुले

नवरा अखेर बोलला. त्याचा हिशोब असा: खेड्यातल्या घराचं भाडं कमी, पण त्यात गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल, हिवाळ्याचे टायर आणि लायसन्सचा खर्च मिळवला तर फरक फारसा उरत नाही. त्यावर रोजचा येण्याजाण्याचा वेळ. फ्राइमानच्या घरमालकाला आज होकार कळवतोय. अंगणाचं दुःख आहेच, ते मी नाकारत नाही. त्याला अंगण मनापासून हवं होतं.

एक शेवटचं विचारते. फुटबॉलचं स्टेडियम तिकडेच आहे ना? मॅचच्या दिवशी काय होतं?

इसारकाठ

अभिनंदन. स्टेडियम फ्रॉट्टमानिंगला, तुमच्यापासून दोन स्टेशनं पुढे. मॅचच्या दिवशी दोन-तीन तास आधी शहराकडून येणाऱ्या गाड्या लाल मफलरवाल्यांनी खचाखच भरतात, गाणी म्हणत येतात. संपल्यावर तीच गर्दी उलट्या दिशेने. बहुतेक मॅच शनिवारी दुपारी असतात, पण युरोपच्या स्पर्धेच्या मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी नवऱ्याला त्या गर्दीच्या आधी ऑफिसातून निघायला सांगा. अंगणासाठी उत्तरेकडचा इंग्लिश गार्डन बघा, फ्राइमानहून जवळ आहे. तिथे मेंढ्यांचा कळपही चरत असतो.

वैनगंगा

सायकल यु-बानमध्ये न्यायची असेल तर वेगळं तिकीट लागतं, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ नेता येत नाही. हे राहिलं होतं.